स्तालेगोर्स्कचे पहिले पाहुणे

स्तालेगोर्स्क बघायला कधी कुणी येतं का? रोस्तोवहून बसमध्ये चार तास हाडं खिळखिळी करून घ्यायची, आणि बघायचं काय, तर पाइपांचा कारखाना! म्हणून कपामावशीने रिकाम्या खोलीची जाहिरात टाकली, तेव्हा तिची लेक इंगा क्रास्नोदारहून फोनवर खो खो हसली.

मावशी त्याच कारखान्यात एकतीस वर्षं क्रेनवर बसलेली. खालच्या पुरुषांना वरून झापण्यात हयात गेली, ती लेकीचं कशाला ऐकून घेते? तिने ठणकावलं, पाहुणे आले आणि तीन दिवस टिकले, तर घर विकायचा विषय कायमचा बंद. इंगानेही बजावलं, नाही टिकले तर मुकाट्याने क्रास्नोदारला यायचं, नवव्या मजल्यावर, जावयाच्या कुत्र्यासोबत.

आणि आले की हो! हॉलंडचं जोडपं, योस्त आणि मिर्ता. मावशीने पहिल्या दिवशी त्यांना नवा मॉल दाखवला, बंद पडलेलं कारंजं दाखवलं, नगरपालिकेपुढची झेंडूची फुलं दोनदा दाखवली. कारखान्याकडे मात्र फिरकू दिलं नाही. घरी आलेल्या पाहुण्याला कुणी मोरी दाखवतं का? पोरं बिचारी जांभया दाबत फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दोघं पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या लावून दारात उभी. संपलं! कंटाळले, निघाले. का निघालात, हे विचारणं मावशीच्या स्वभावात नव्हतं. पण लांबच्या प्रवासाला निघताना घरातल्या सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं, ही रीत तिने वैऱ्यासाठीही मोडली नसती. तिने दोघांना दाराजवळच्या स्टुलांवर बसवलं, स्वतः चपलांच्या पेटीवर बसली. मग उकडलेली अंडी हातात कोंबली, दोघांना घट्ट कवटाळलं आणि डोळ्यांना पदर नव्हता म्हणून ॲप्रन लावला. योस्त बायकोकडे बघतच राहिला.

दार लावून तिने इंगाला फोन केला. "गेले," एवढंच म्हणाली. इंगाने तासाभरात गिऱ्हाईकसुद्धा ठरवलं, शनिवारी घर बघायला येणारं. मावशी दिवसभर कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत बसली आणि एकेका बशीला शिव्या घालत राहिली.

संध्याकाळी सातला बेल वाजली. दारात तीच दोघं, तोंडं काजळीने माखलेली! पिशव्यांमध्ये कॅमेरे होते. दिवसभर कारखान्याच्या कुंपणाशी उभी होती म्हणे. पहारेकऱ्याने दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा चहा पाजला. आता उद्या मागच्या बाजूचे फोटो काढायचे होते, परवा पुन्हा पुढच्या. योस्तने अदबीने विचारलं, इथे लोक रोज घराबाहेर पडताना असे बसून रडतात का?

मिर्ताने फोटो दाखवले. गंजलेली धुराडी, पाइपांचे ढीग आणि उंचावर पिवळी क्रेन.

"मावशी, किती सुंदर आहे हे! काल का नाही दाखवलंत?"

"ही माझी," मावशी क्रेनवर बोट ठेवून म्हणाली. मग ती उठली, चुलीवर सूप चढवलं आणि फोन लावला.

"परत आलेत," ती म्हणाली.

"काय विसरलं त्यांचं?" इंगाने विचारलं.

"काही नाही. भूक लागली, म्हणून घरी आले. आणि त्या गिऱ्हाइकाला कळव, जागा रिकामी नाही."