टेक ऑफचे सात जोड

माझा मामा माणसांना पायांवरून ओळखतो. रस्त्यात कुणी हाक मारली की तो आधी खाली बघतो आणि मग म्हणतो, "अरे, आठ नंबर, रुंद पंजा! कसे आहात?" बुटांच्या दुकानात त्याचं अर्धं आयुष्य गुडघे टेकून गेलं आहे. गिऱ्हाईक खुर्चीत, मामा जमिनीवर आणि मध्ये एक पाय.

त्याच्या कामाची रीत ठरलेली. 'आवडला का?' असं गिऱ्हाइकाला कधी विचारायचं नाही. चेहरा जरा कोरा दिसला की "दुसरा दाखवतो" म्हणायचं आणि पुढचं खोकं उघडायचं. मामी म्हणते, "लग्नाचं विचारायला आले तेव्हाही हेच. मी जरा गप्प बसले, तर यांनी स्वतःचे सगळे गुण एकामागून एक काढून मांडले. पसारा वाढायला लागला म्हणून मी हो म्हटलं."

मामाची आणखी एक कला फक्त घरात चालते, ती म्हणजे मालकांची नक्कल. मालक नाकात बोलतात आणि प्रत्येक वाक्याआधी पँट वर ओढतात. मामा तस्सा उभा राहून म्हणतो, "हं... गिऱ्हाइकाचा पाय नंतर, हं... पाकीट आधी!" त्याच्या बाकी कुठल्याच विनोदाला न हसणारी मामी तेवढ्याला हसते.

यंदा मामाच्या गुडघ्यांनी संप पुकारला. बसताना कडकड, उठताना आई गं. डॉक्टरांनी बजावलं, "जमिनीवर बसणं बंद करा, नाहीतर चालणंच बंद होईल." मामाने दुकानात कुणाला पत्ता लागू दिला नाही. दुसऱ्याच्या पायात बूट घालणाऱ्याला वाकता येत नाही म्हटल्यावर त्याला ठेवणार कोण? तेवढ्यात मालकांनी विमानतळावर शाखा काढायचं ठरवलं. तिथे मॅनेजर हवा होता. मॅनेजरला टेबल आणि खुर्ची मिळणार होती. टेबलाशी मामाला काही देणंघेणं नव्हतं. अडचण एकच होती, इंग्रजी यायला हवं. विमानतळाच्या ऑफिसातल्या एक बाई तोंडी परीक्षा घ्यायला येणार होत्या.

मामा माझ्याकडे आला. "सगळं इंग्रजी नको. वेळ कुठे आहे? एकच शब्द दे, पण टिकाऊ. कुठेही घालता येईल असा."

मी त्याला 'टेक ऑफ' दिला. पायातला बूट काढणं म्हणजे टेक ऑफ. विमानाने जमीन सोडली, तरी टेक ऑफ.

"बरं. अजून?"

"कामावरून सुट्टी घेतली. किमतीतून थोडे कमी केले. धंद्याने जोर धरला. एखादा पसार झाला. सगळं टेक ऑफ."

"एका खोक्यात सहा जोड?"

"सात. कुणाची हुबेहूब नक्कल केली, तर तेही."

मामाने बुटाचा तळ दाबून बघावा तसा तो शब्द तोंडात घोळवला. मामी आतून म्हणाली, "त्या इंग्रजांना शब्द कमी पडले की काय? एकाच कपाटात सगळं कोंबलंय."

परीक्षा दुकानामागच्या खोलीत झाली. बाजूला मालक बसले होते. बाईंनी इंग्रजीत विचारलं, "स्वतःबद्दल सांगा." मामाच्या हाताला लागलं ते पहिलं खोकं त्याने उघडलं.

"मॅडम, आय टेक ऑफ शूज."

बाईंचा चेहरा कोरा.

"दुसरा दाखवतो," मामा सवयीने म्हणाला. "प्लेन टेक ऑफ."

चेहरा आणखी कोरा. "थीफ टेक ऑफ! शॉप टेक ऑफ! संडे, आय टेक ऑफ." मालक खाकरले. "प्राइस, टेन पर्सेंट टेक ऑफ." मालक पुन्हा खाकरले, जरा मोठ्याने.

आता एकच जोड उरला होता. समोरचं गिऱ्हाईक अजून कोरंच होतं. मामा उठला, त्याने पँट वर ओढली आणि तो नाकातून म्हणाला, "हं... गिऱ्हाइकाचा पाय नंतर, हं... पाकीट आधी!"

बाईंना इतकं हसू आलं की त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्या हसण्यात मामाला आठवलं, बाजूला कोण बसलंय. तो घाबरून मालकांच्या पुढ्यात वाकला. माफीच मागायची होती, पण समोर पाय आला आणि हातांनी त्यांचं नेहमीचं काम केलं. लेस सोडून बूट काढला.

"हे काय करतोस? ऊठ!"

"चुकलो, मालक."

"ऊठ म्हणतोय ना!"

"येत नाही उठता," मामा जमिनीकडे बघत म्हणाला.

मालकांनी त्याला दोन्ही काखांत हात घालून उभं केलं. स्वतः एका पायात बूट, एका पायात मोजा. "कधीपासून हे?"

"बरेच दिवस झाले."

"आणि मला आज कळतंय?" मालकांनी पँट वर ओढली. "आणि हं... मी नाकात बोलत नाही."

विमानतळावरची जागा झरझर इंग्रजी बोलणाऱ्या एका मुलीला मिळाली. मामा दोन दिवस दुकानात गेला नाही. आता दुकानातूनही जावं लागणार, असंच त्याने धरलं होतं. तिसऱ्या दिवशी तो दुकानात गेला तर आत सुतार ठोकाठोक करत होता. दोन पायऱ्यांचा लाकडी चौथरा तयार झाला होता. त्यावर गिऱ्हाइकाची खुर्ची, आणि खाली, बरोब्बर पायाच्या उंचीला, गादी घातलेली दुसरी खुर्ची. मागे हाताला येतील अशी खोक्यांची फळी.

"हं... बस," मालक म्हणाले आणि गल्ल्याकडे निघून गेले.

संध्याकाळी मामी आणि मी बघायला गेलो. मामी पायऱ्या चढून ऐटीत बसली आणि तिने पाय थेट मामाच्या नाकासमोर धरला.

"टेक ऑफ," ती म्हणाली.

मामाने चप्पल काढली, नवी घातली. मामीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. चप्पल तिला आवडली होती, हे मला दिसत होतं. तरी ती चेहरा कोरा ठेवून बसून राहिली.

"दुसरा दाखवतो," मामा म्हणाला आणि बसल्या बसल्याच त्याने मागे हात घातला.