पैलवानबाईंचा व्यायाम

इस्पितळाच्या धुलाईखात्यात तिला सगळे पैलवान म्हणत. मशिनमधून निघालेला ओल्या चादरींचा गठ्ठा इतर बायका दोघी-दोघी मिळून ओढायच्या. ही एकटी तो छातीशी कवटाळायची आणि तोंड मिटून, दम कोंडून ट्रॉलीत टाकायची. अशी एकोणीस वर्षं गेली. नव्या बाईला तिथे पहिला धडा हाच मिळे : आधी दम धर, मग उचल. श्वास सुटला की गठ्ठा सुटला.

सेहेचाळिसाव्या वर्षी तिचं अंग बाहेर येऊ लागलं. खोकला आला की लघवीचे थेंब, आणि ड्युटी सुटायच्या वेळेला काहीतरी खाली उतरल्यासारखं जडपण. खात्यात तिने कंबर धरल्याचं सांगितलं. कंबरेला कुणी हसत नाही. सुपरवायझरने तीन महिने घडीच्या टेबलावर काम दिलं. त्यानंतर पुन्हा मशिन, नाहीतर घर.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेत, व्यायामाने फरक पडेल. पण हाताने तपासून तो शिकवणारी फिजिओथेरपिस्ट सहा तासांवरच्या शहरात, आणि जायचं दर आठवड्याला. दर आठवड्याला रजा मागणारीला ठेवणार कोण? शेवटी पंधरा दिवसांनी एकदा, फोनवर व्हिडिओ लावून शिकायचं ठरलं.

घरात खोल्या दोन. एकीत सासूबाईंची खाट, दुसरीत स्वयंपाक. तिथे दार लोटून, फोन पिठाच्या डब्याला टेकवून ती चटईवर आडवी व्हायची.

"कोणाशी कुजबुजतेस गं?" पलीकडून सासूबाई विचारायच्या.

"कंबरेच्या बाईंशी!"

"आम्ही चार बाळंतपणं काढली, पण कंबरेसाठी फोन नाही लावला कधी!"

फोनमधली बाई वयाने लहान, पण धीराची. "लघवी अडवतो ना ताई, तसं आत, वर ओढा. होतंय?"

"होतंय."

फोनमध्ये दिसणार काय, तर गुडघे आणि छताचा पंखा. "फार जोर नको हं," असंही ती म्हणाली होती. पण जोर न लावता काम होतं, हे पैलवानाला कुणी पटवावं? दिवसातून तीसदा सांगितलेलं ती दात आवळून शंभरदा करी. जडपण वाढलं, तेव्हा तिने दीडशेवर नेलं.

तिसरा महिना सरताना फोनमधली बाई म्हणाली, "आज ओढताना मोठ्याने आकडे म्हणा. एक ते पाच."

तिने दात आवळून ओढलं.

"ताई? आवाज जातोय का तुमचा?"

"नाही हो. दम धरल्यावर आकडे म्हणू कशी?"

"ताई, दम कोंडून जोर लावला की आतलं सगळं खाली ढकललं जातं. इतके दिवस तुम्ही ढकलतच होतात. चूक माझी. मी हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. तुम्ही समोर असतात तर हाताला लगेच कळलं असतं."

"मग आता?"

"आता पहिल्यापासून, श्वास सोडत. निदान आणखी तीन महिने. जड उचलणं बंद. आणि आधाराला आतून रिंग बसवता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. मी चिठ्ठी पाठवते."

फोन बंद झाला तरी ती चटईवरच होती. सासूबाई भिंत धरत दारात आल्या.

"कंबर नाही ती. मला काय कळत नाही?" त्या हळू म्हणाल्या. "माझंही येतं. चौथ्या बाळंतपणापासून. हाताने आत सारते आणि कामाला लागते."

"कधी बोलला नाहीत, आई."

"कोणाला सांगणार होते?"

सोमवारी ती सुपरवायझरसमोर उभी राहिली. "साहेब, कंबर नाही. माझं अंग बाहेर येतं. अजून तीन महिने घडीवर ठेवा."

त्याने समोरच्या कागदांत डोकं घातलं. "बाई, घडीवर दुसरी नेमली. आणि वर हे मी लिहू कसं?"

"आहे तसं लिहा."

"असलं लिहीत नाहीत."

ती मशिनपाशी गेली. गठ्ठा न उचलता एकेक चादर ओढून काढू लागली. मागे ट्रॉल्यांची रांग लागली. "पैलवान, झोप झाली नाही वाटतं?" कुणीतरी ओरडलं. तिने पुढची चादर ओढली. रोज जेवणाच्या सुट्टीपर्यंत सात मशिनं रिकामी व्हायची, आज तीन झाली. चौथं अर्धं असताना सुपरवायझरचं बोलावणं आलं. ओले हात पदराला पुसत ती त्याच्या खोलीकडे निघाली.