टोमॅटोची खालची पानं

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनकाकूंचा फोन आला. "अरे, हे उठत नाहीयेत..." एवढंच म्हणाल्या. मी अनवाणीच दोन घरं ओलांडून धावलो. आणि आज खरं सांगतो, धावताना मला अरविंदकाकांच्या आधी स्वतःची धास्ती वाटत होती. काकू आता विचारतील, तुला काही बोलले होते का? काका झोपेतच गेले होते. काकूंनी विचारलं नाही. ती धास्ती मात्र तशीच राहिली.

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावात काकांना न ओळखणारं मराठी घर सापडणं कठीण. मोटारींच्या कंपनीतून रिटायर झालेला हा माणूस मे महिन्यात रोपं गोठवणाऱ्या दहिवराची भीती सरली की घरोघरी टोमॅटोची रोपं पोचवायचा आणि मागोमाग तपासायलाही यायचा. रोपं दाटीनं लावलेली दिसली की काका चिडायचे. "अरे, मधून वारा जायला हवा की नको? पानं ओली राहिली की बुरशी आलीच." पाणी सकाळी घालायचं, तेही बुंध्याशी. पावसानं माती उडून पानांना लागू नये म्हणून खाली वाळल्या गवताचा थर. एके वर्षी कुणीतरी विसर्जनाच्या बादलीतलं पाणी सरळ टोमॅटोवर ओतलं, तर काका ओरडले, "अहो, बाप्पाला मुळाशी सोडा, पानांवर नको!" सगळे हसले. काका हसले नाहीत.

या ऑगस्टमध्ये त्यांच्या वाफ्यात खालच्या पानांवर तपकिरी ठिपके आले होते. वाकून पानं खुडत ते मला सांगत होते, "रोग दिसला की त्याच दिवशी तोडायचा. उद्या म्हणालास तर वर चढतो." बोलता बोलता मटकन खाली बसले. चेहरा घामानं डबडबलेला, हात छातीवर. "हल्ली भरून येतं रे इथे." मी म्हटलं, काका, आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीत जाऊ. "वेडा आहेस का? गणपतीला सगळं मंडळ आपल्याकडे जेवायला. बाप्पा जाऊ देत, मग बघू. आणि काकूला बोलू नकोस, ती सगळं कॅन्सल करेल." मी मान हलवली. पन्नाशी उलटली तरी मोठ्यांपुढे मान हलवायचीच सवय... पुढे रोज त्यांच्या घरात दिवे लागलेले पाहिले की मला हायसं वाटायचं.

ऑक्टोबरात पहिलं दहिवर पडलं आणि झाडं एका रात्रीत काळी पडली. काकूंनी मला बोलावलं, पण ती उपटू देईनात. "यांच्या हातची आहेत. राहू देत उभी." मी समजावलं की रोग याच पाल्यात हिवाळा काढतो, हा पाला कंपोस्टातही टाकायचा नसतो, पिशवीत बांधून कचऱ्यात द्यायचा. वेळीच काढलं नाही तर... आणि मी तिथेच थांबलो. हातात कात्री, समोर काकू. मग मी सगळं सांगून टाकलं. छातीवरचा हात, घाम, गणपती.

काकू आत गेल्या, काचेचं दार लागलं. मी त्या गारठ्यात उभा राहिलो. पळून जावं असं वाटत होतं. ते दार आता माझ्यासाठी पुन्हा उघडणार नाही, याची मला खात्रीच झाली.

दार उघडलं. काकूंच्या हातात स्पिरिटची बाटली आणि कापूस होता. "एका झाडाची कात्री हे तशीच दुसऱ्याला लावत नसत," म्हणाल्या. माझ्या हातातली कात्री घेऊन त्यांनी पाती दोन्ही बाजूंनी सावकाश पुसली.

"आणखी काही लपवलंयस?"

"नाही, काकू."

"खोटं बोललास तरी मला कळणार नाही," त्या म्हणाल्या. "यांचंही कळलं नव्हतं."

आणि कात्री माझ्यापुढे धरली.