डोळ्यांचे मिस्त्री

चुकण्याची भीती सगळ्यांनाच असते. पण आपण बरोबर आहोत या गोष्टीची भीती वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्यांच्याच दुकानात मी अकरा वर्षं केर काढला, काचा पुसल्या आणि चिठ्ठ्या सांभाळल्या. कर्जतच्या बाजारात एका अरुंद गल्लीत आमच्या सरांचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे फ्रेमांची कपाटं, मागे तपासणीची काळोखी खोली, मधे पडदा. सकाळी कुलूप उघडलं की दुसरे दुकानदार उदबत्ती लावतात, आमचे सर टेप काढायचे. खुर्चीपासून भिंतीवरच्या तक्त्यापर्यंतचं अंतर ते रोज मोजायचे. खुर्ची जमिनीत स्क्रू मारून पक्की केलेली, तक्ता भिंतीत. एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, भिंत रातीत कुठं जाणार हाय?" तर ते जराही न हसता म्हणाले, "ताई, भिंत जात नाही. भिंतीवर विसंबलेला माणूस जातो."

गावोगावची माणसं त्यांना डॉक्टर म्हणत आणि सर प्रत्येकाला तिथेच थांबवत. "मी डॉक्टर नाही. मी ऑप्टोमेट्रिस्ट. नजर तपासतो, नंबर काढतो, आणि डोळ्यात रोग वाटला तर डॉक्टरकडे पाठवतो." एवढं सगळं ते दिवसातून वीसदा म्हणायचे. आमच्या कडावचे एक दूधवाले बाबा हे ऐकून म्हणाले, "काय म्हनलात? आप्टोमिस्त्री? मंग सरळ मिस्त्री म्हना की! मोटारीचा मिस्त्री असतो, तसं तुमी डोळ्यांचं मिस्त्री." बाकावरची सगळी माणसं हसली. सरांनी मात्र त्यावर नीट विचार केला आणि म्हणाले, "मिस्त्री चालेल. डॉक्टर नको." तेव्हापासून कडावपासून शेलूपर्यंत ते डोळ्यांचे मिस्त्री झाले. चष्मा न देण्यातही त्यांचा हात कुणी धरला नसता. एक ठेकेदार सोनेरी फ्रेम पसंत करून, आरशात चारदा बघून खुर्चीत बसला. सरांनी त्याच्या डोळ्यांत उजेड टाकला, पुन्हा टाकला आणि म्हणाले, "चष्मा देणार नाही. उद्याच्या उद्या डोळ्याच्या दवाखान्यात जा, चिठ्ठी देतो." तो चिडला. "अहो, मी गिऱ्हाईक हाय, फुकट मागत नाय!" सर म्हणाले, "म्हणूनच देत नाही." सहा महिन्यांनी तो ठेकेदार पेढे घेऊन आला तेव्हा सरांनी पेढा बाजूला ठेवून आधी विचारलं, "थेंब रोज घालता ना?"

वर्षातून दोनदा ते मुंबईला वर्गाला जायचे. आपला धंदा शिकलेला माणूस पुन्हा शिकायला जातो ही गोष्ट गल्लीत कुणालाच पटायची नाही. शेजारचा कापडवाला म्हणायचा, "सर, अजून पास नाही झालात काय?" सर उत्तर द्यायचे, "मागच्या वर्षी झालो होतो." नातवाच्या वयाच्या मुलांमध्ये ते पहिल्या बाकावर बसत असणार, कारण परत आले की त्यांच्या अंगात शाळाच संचारलेली असायची. शिकलेलं कुणाला तरी सांगितल्याशिवाय पक्कं होत नाही म्हणायचे, आणि दुकानात सांगायला होते मी. चौथी शिकलेली, कुणाशी डोळा भिडवून न बोलणारी बाई. "ताई, काचबिंदूत आधी कुठली नजर जाते?" मी काचा पुसत हळू म्हणायची, "कडेची." "शाब्बास. आणि साखरेच्या आजारात डोळा कधी दाखवायचा?" "तरास नसला तरी वरसातून एकदा." एकदा घरी मी सासऱ्यांना हेच सांगितलं, तर जाऊ म्हणाली, "आली बघा डॉक्टरीण! चार बुकं शिकली न् डोळं वाचाय लागली." पण सासऱ्यांना दाखवायला नेलं ते मीच.

तक्त्याचं तर मोठं प्रकरण. बाकावर बसून वाट बघणारी माणसं पडद्याच्या फटीतून आतली अक्षरं पाठ करायची. आत गेलं की धडाधड म्हणायची, आणि नंबर कमी निघाला म्हणून खूश व्हायची. सरांना याचा फार राग. "पाठांतर म्हणजे नजर नव्हे," म्हणत ते दर सोमवारी तक्ता बदलायचे. असे सात तक्ते होते. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी हातात धरायचं एक पांढरं कार्ड होतं, त्यावर तीन दातांची एकच काळी खूण. ती फिरवून धरायची आणि दात कुठल्या बाजूला ते विचारायचं. आमच्याकडची माणसं तिला फणी म्हणत. डावं-उजवं आमच्या बायकांच्या तोंडी नाही, त्या सरळ सांगायच्या, "दात वर... दात खाली... आता स्टेशनाकडं... आता नदीकडं." पहिल्या वर्षी सरांनी त्यांना डावं-उजवं शिकवून पाहिलं. एक आजी वैतागली. "माजं डोळं तपासतोस का माजी शाळा घेतोस रं?" त्या दिवशी सरांनी आपल्या वहीत लिहिलं, 'चूक माझी. पेशंटची भाषा तपासणाऱ्याला आली पाहिजे.' पुढे खालापूरला शिबिराला गेलो, तिथे आमची नदीही नाही आणि स्टेशनही नाही. बायका म्हणू लागल्या, "टोलनाक्याकडं." बंद खोलीत टोलनाका कुठल्या अंगाला ते सरांना कळेना. सगळी रांग उभी ठेवून ते बाहेर रस्त्यावर गेले, बघून आले, आणि खडूने भिंतीवर बाण काढून त्याखाली लिहिलं, 'टोलनाका'. मग पुढच्या बाईला हाक मारली.

ती वही चुकांचीच होती. तिच्यात फक्त सर लिहायचे, आणि फक्त स्वतःबद्दल. पण स्वतःच्या शब्दावर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून चिठ्ठ्यांची पद्धत. पहिल्या तपासणीचा नंबर चिठ्ठीवर लिहून ते माझ्याकडे द्यायचे. माणूस चष्मा न्यायला आला की आधीचा नंबर न बघता पुन्हा तपासायचे, दुसरी चिठ्ठी लिहायचे, आणि दोन्ही मी जुळवायच्या. पाव नंबराचा फरक चालायचा, त्यावर नाही. "महिन्यात तीन चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर मी तपासणं थांबवणार," त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. "मी विचारणार नाही. तुम्ही सांगायचं." मी म्हटलं, "सर, कुणीतरी जास्त शिकलेलं ठेवा ह्याला." ते म्हणाले, "शिकलेला माणूस अंदाजाने वाचतो. तुम्ही अक्षर न् अक्षर वाचता." दहा वर्षांत महिन्याला एकाच्या वर चिठ्ठी कधी चुकली नाही.

मागच्या वर्षी भातलावणी उरकल्यावर एकाच महिन्यात दोन चुकल्या. दोन्ही वेळा मी सांगितलं, सरांनी त्या माणसांना तिसऱ्यांदा तपासून काचा बदलून दिल्या आणि दोन रात्री वही भरली. मग कडावचीच एक बाई आली, ब्लाउज शिवणारी. तिला तिरका नंबर होता. तिरक्या नंबराला घड्याळाच्या काट्यासारखी दिशा असते. काटा चुकला की सरळ वस्तू कलती दिसते. तिच्या दोन चिठ्ठ्या मी उघडल्या. काटा पार वेगळ्या जागी. ती महिन्यातली तिसरी. सर पडद्याला धरून उभे होते, माझ्याकडे बघत नव्हते. विचारत नव्हते. मला वाटलं, हा माणूस तपासणं सोडून दुसरं काही करतच नाही, उद्यापासून हा करणार काय. माझं काम जाईल हेही मनात आलं, ते मी लपवत नाही. मी म्हटलं, "जुळलं, सर."

आठवड्याने ती बाई मला गावात भेटली. हसतच सांगत होती. "काय सांगू गं, नवा चष्मा लावला की ओटा उतरता दिसतो. भाकरी थापली ती पन वाकडी." बरोबरची म्हणाली, "तू थापतीस ती वाकडीच असते." सगळ्या हसल्या. मग ती हळू म्हणाली, "कालच्याला पायरी चुकली न् पडले. शिवायला बसले की डोकं फिरतं. दोन गिऱ्हाइकांची कापडं वाया गेली. सवय होईल म्हनतात, होईल ना गं?" तिच्या कोपराला खरचटलेलं होतं. मला तिच्याकडे बघवेना.

तोंडाने सांगणं मला जमलं नसतं. दुसऱ्या दिवशी सर यायच्या आत मी ती वही उघडली आणि त्यांच्या अक्षराखाली लिहिलं, 'ब्लाउजवाल्या बाईची चिठ्ठी जुळली नव्हती. ती तिसरी. मी खोटं बोलले. बाई पडली.' र्‍हस्वदीर्घ चुकलं असेल. सरांनी ते उभ्याउभ्या वाचलं. मला वाटलं रागावतील. ते खुर्चीत, जिथे पेशंट बसतो तिथे जाऊन बसले आणि म्हणाले, "ताई, मला तपासा."

आपले डोळे ते दर महिन्याला आपणच तपासायचे. त्या दिवशीही एक डोळा झाकून त्यांनी तक्ता खालच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हटला आणि म्हणाले, "नजर तर ठीक आहे." सातही तक्ते त्यांना झोपेतसुद्धा येत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी फणीचं कार्ड घेतलं, भिंतीपाशी जाऊन उभी राहिले आणि माझ्या मनाने फिरवून धरलं. "सांगा, सर." ते पुढे वाकले. "स्टेशनाकडे?" मी मान हलवली. पुन्हा फिरवलं. "वर... नाही, थांबा. नदीकडे." तेही नाही. मी पुन्हा फिरवू लागले तेव्हा त्यांनी म्हटलं, "ताई, फिरवताना कार्ड झाका, म्हणजे मला अंदाज लावता येणार नाही." मी पदराआड फिरवून समोर धरलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "दिसत नाही." मग तशाच शांत आवाजात, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असणार. दुसऱ्या कुणाला मी वर्षभर आधी सांगितलं असतं."

त्याच दिवशी त्यांनी दारावर पाटी लावली, 'तपासणी बंद'. ब्लाउजवालीला घेऊन ते शेलूला गेले, तिथे एका नव्याने ऑप्टोमेट्रिस्ट झालेल्या मुलीचं दुकान आहे. तिच्याकडून नंबर काढून काचा करून दिल्या. वाया गेलेल्या कापडांची भरपाई केली. मग कडावला तिच्या अंगणात उभं राहून माफी मागितली. ती घाबरून म्हणाली, "अवो मिस्त्री, बसा तरी! येवढं काय झालंय?" सर म्हणाले, "तुम्ही पडलात, एवढं झालंय." ते बसले नाहीत. गेल्या वर्षभरातली माणसं शोधून एकेकाला पुन्हा तपासून घ्यायला आम्हाला दिवाळी उलटली. त्यांतल्या चौघांचे चष्मे बदलावे लागले.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. नजर छान आली. गल्लीला वाटलं, पाटी निघणार. सरांनी शेलूच्या मुलीला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "दहा माणसं मी तपासतो, तीच तू तपास." ती लाजली. "सर, मी तुमची परीक्षा घेऊ?" "मग कोण घेणार?" संध्याकाळी दोघांचे आकडे मी शेजारी शेजारी ठेवले. सात जुळले. मुलगी पटकन म्हणाली, "सर, एवढं चालतं, खूप दिवसांनी बसलात." सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तीन नाय जुळले, सर." त्यांनी मान डोलावली. आता मंगळवार-शुक्रवार ती मुलगी येऊन तपासते, आणि सर बाहेर बसून फ्रेमांच्या काड्या सरळ करतात. कुणी डॉक्टर म्हटलं तर आत बोट दाखवतात आणि म्हणतात, "त्याही डॉक्टर नाहीत."

परवा दुकान वाढवून आम्ही पुलापर्यंत बरोबर चालत आलो. ऊन कलतं झालं होतं. सर मधेच थांबले, माथेरानच्या डोंगराकडे बघत उभे राहिले. "ताई," ते म्हणाले, "हा डोंगर निळा आहे?"

"हो, सर."

"कधीपासून?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, सरांना तो इतके दिवस करडाच दिसत होता. खोटं बोलायला सोपं होतं. उन्हाळ्यात तो करडाच दिसतो, धुरकट असतो, असं काहीही म्हणता आलं असतं. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, आणि त्या धुतल्यासारख्या डोळ्यांना मी पहिल्यांदाच डोळा भिडवला.

"पयल्यापासून निळाच हाय, सर."

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. नदीवर वारा सुटला होता. माझी कडावची रिक्षा भरून निघाली, मी तिला हात केला नाही. सरांचं बघून होईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.