अण्णांच्या झडपेला चोर मिळेना

रघुअण्णा सुतार कुणालाही भेटले की तोंडाकडे बघण्याआधी हाताकडे बघत. दहाही बोटं जागेवर दिसली की मगच रामराम घालत. भोरच्या बाजारात पोरं त्यांना चिडवत, एक बोट मुडपून हात पुढे करत. अण्णांचा चेहरा तेवढ्यानेही उतरे.

मी तेव्हा भोरात एका वकिलांकडे कारकून होतो. अण्णा पहिल्यांदा आले ते फडक्यात गुंडाळलेली लाकडी झडप घेऊन. म्हणाले, "विंग्रजीत अर्ज लिवायचाय. कलकत्त्याला."

भोंगवलीत त्यांच्या वडिलांनी, धोंडिबांनी, गाडीच्या मोडक्या चाकाला पाती ठोकून कडबा कापायचं यंत्र केलं होतं. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने पन्हळीतून पेंढी आत सारायची. ते बघून पार विंझरपर्यंतच्या सुतारांनी तसंच केलं. धोंडिबांना त्याचं काही वाटत नसे. "इद्या चोरल्यानं कमी व्हत न्हाई," असं ते म्हणत. पुढे त्याच यंत्रात अण्णांच्या बायकोचा, सरूबाईंचा, उजवा हात मनगटापासून गेला. चाक फिरवत होते स्वतः अण्णा.

त्यानंतर दोन वर्षं खपून अण्णांनी ही झडप केली. पन्हळीच्या तोंडावर ती बसवली की हात आत जात नसे. आपल्या यंत्राला कुणी लगाम घालावा हे धोंडिबांना रुचलं नाही. त्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. म्हणून अण्णांना कलकत्त्याच्या सरकारी कचेरीचं पेटंट हवं होतं. माझं कुणी ऐकत नाही, पण सरकारचा शिक्का बघून तरी लोक झडप बसवतील, अशी त्यांची भाबडी समजूत.

पेटंट आलं. कागद वाचून मी सांगितलं, हा हक्क इंग्रजी मुलखापुरता आहे. आपल्या भोर संस्थानात त्याला कोण विचारतो, इथला कुठलाही सुतार तुमची झडप बिनदिक्कत उचलेल. मला वाटलं, बिचारे खट्टू होतील. अण्णा हसले. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

"मंग लई ब्येस झालं. चोरू द्या की."

पण चोरायला कुणी आलंच नाही. झडपेमुळे पेंढीचं शेवटचं वीतभर टोक अडे, पुढच्या पेंढीने ते रेटावं लागे, आणि कामाला दुप्पट वेळ जाई. बापाचं यंत्र सगळ्या खोऱ्याने उचललं. मुलाने झडप फुकट नेऊन बसवली तरी लोक दुसऱ्या दिवशी ती काढून चुलीपुढे पाट म्हणून बसायला घेत. अण्णा गावोगाव हिंडून ती पुन्हा बसवून येत. कुठे कुणाची बोटं गेल्याचं कानावर आलं की त्यांचं अन्न तुटे. त्यात त्यांच्या मुलाने, दत्तूने, दातेरी चाकं जोडून आज्याचं यंत्र दुप्पट वेगाने पळवलं. गिऱ्हाइकांची रीघ लागली आणि बापलेकांचं बोलणं बंद झालं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत अण्णांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो तर त्यांनी हळूच विचारलं, "भाऊसाहेब, चोरली का वो कुनी?"

वेल्ह्याकडे एका सुताराने केली आहे म्हणे, असं मी ठोकून दिलं. त्यांनी त्या सुताराचं नाव विचारलं. मला चटकन नाव सुचेना. त्याची लाज मला अजून वाटते.

महिन्याभरात ते गेले. दहाव्याला मी भोंगवलीत पोहोचलो तेव्हा गोठ्यापाशी अण्णांची सून पेंढी सारत होती आणि यंत्रावर झडप नव्हती. माझं डोकं फिरलं. दत्तूला म्हणालो, बापाचे दिवस तरी होऊ द्यायचे होते. त्याने चाक थांबवलं. बोलल्या त्या सरूबाई.

"त्येला नका बोलू. म्याच काढाया लावली. आज न्हाई, पयल्यापास्नं. हे भाईर पडलं की काढायचो, यायच्या आदी बसवायचो. सा जनावरं दावणीला हंबरत्यात, त्यास्नी किती येळ उपाशी ठिवायचं?"

मी विचारलं, अण्णांना हे कधी कळलं का?

"कळलं व्हतं," त्या म्हणाल्या. "झडप अडकवायची लाकडी खिळी काढून-घालून झिजल्याली बगितली त्यांनी. बोलले काय न्हाईत. दुसऱ्या दिशी नवी खिळी घडवून दिली. एका हातानं निगंल अशी."