किसनभाऊंचं ऑब्ज. इंग्रजी

चाकणच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट काढणाऱ्या विभागात, किसन वाघचौरे यांच्याएवढं इंग्रजी कुणी लिहीत नव्हतं. किसनभाऊ मूळचे बीडकडचे, दहावी पास. हेल्पर म्हणून लागले आणि सतरा वर्षांत लाइन इन्चार्ज झाले. इन्चार्ज झाल्यावर शिफ्टचं रजिस्टर गळ्यात पडलं. ते इंग्रजीत लिहायचं, कारण गिऱ्हाईक कंपनीचे ऑडिटर वाचतात. बाकीचे लोक ‘मशीन ओके’ लिहून मोकळे होत. किसनभाऊंना ते कमीपणाचं वाटलं. त्यांनी रहाटणीच्या रद्दीवाल्याकडून एक जाडजूड इंग्रजी-मराठी कोश आणला. त्याचा पुठ्ठा गेलेला, पानं हात लावताच तुटणारी. रोज जेवण झालं की पाच शब्द. त्यांची बायको जयमाला मराठी अर्थ वाचायची, हे भिंतीकडे बघून इंग्रजी शब्द सांगायचे.

हळूहळू रजिस्टरचा थाट वाढला. मशीन बंद पडलं की ‘हॅज’च्या जागी ‘हॅथ’. ऑपरेटर काही बोलला की ‘स्पेक’. हेल्परनं मदत केली की ‘होल्प’. मी डिस्पॅचला, माझं इंग्रजी मालाच्या चलनापुरतं, त्यामुळे चूक काढायची टाप नव्हती. एक ऑडिटर ते पान वाचून दोनदा किसनभाऊंकडे बघून गेला. त्यानंतर आठवडाभर किसनभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले.

मग तो मंगळवार उजाडला. पहिली शिफ्ट सुटता सुटता दोन नंबरच्या प्रेसवर डायच्या, म्हणजे साच्याच्या, आतली स्प्रिंग मोडली. बाहेरून काही दिसेना, फक्त पार्ट अडकायला लागले. किसनभाऊंनी रजिस्टरमध्ये दोनच शब्द लिहिले, ‘स्प्रिंग ब्रेक’, आणि जयमालाला घेऊन आळंदीला गेले. फोन घरी चार्जिंगला.

दुसऱ्या शिफ्टला मेंटेनन्सचा भैरू सस्ते आला. मोशीचा माणूस, हातात कसब, वाचायला चष्मा. त्यानं ते दोन शब्द वाचले, ब्रेकची स्प्रिंग गेली असं धरलं आणि प्रेसचा ब्रेक खोलला. आतल्या सगळ्या स्प्रिंगा नव्यासारख्या. पुन्हा बसवला. पार्ट अडकले. पुन्हा खोलला. तिसऱ्यांदा खोलला तेव्हा तो स्प्रिंगांशी बोलायला लागला होता, असं ऑपरेटर सांगतात. शिफ्ट संपेपर्यंत एक पार्ट निघाला नाही.

सकाळी भैरू गेटवरच उभा.

“किसनभाऊ, ब्रेक तुमीच लिव्हलंय का न्हाई?”

“लिवलंय की. स्प्रिंग मोडली म्हणून लिवलंय.”

“मोडली म्हंजी ब्रोक!”

“ब्रोक काय, कुणीबी लिवतंय,” किसनभाऊ म्हणाले.

प्रकरण प्रॉडक्शनच्या तनुजा मॅडमकडे गेलं. मला साक्षीला नेलं, कारण रजिस्टरची जुनी पानं मी वाचली होती. किसनभाऊंनी डब्याच्या पिशवीतून कोश काढला आणि पान उघडून टेबलावर ठेवला. तिथं होतंच: ब्रेक, स्पेलिंग गाडीच्या ब्रेकचंच, पण अर्थ मोडणे या क्रियापदाचा भूतकाळ. पुढं ‘ऑब्ज.’. मॅडमनी पानं उलटली. ‘ऑब्ज.’वाल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती. बाकीच्या शब्दांना पेन्सिल लागलेलीच नव्हती.

“किसनभाऊ, एवढेच शब्द का पाठ केले?”

“मॅडम, ऑडिटवाले लिवत्यात ना, ओ बी एस, ऑब्झर्वेशन? म्हणजे इकडं लक्ष द्या. म्हणलं, सगळं पाठ करणं होत न्हाई, तर हेच पक्कं करावं.”

मॅडमनी रुमाल तोंडाशी धरला. जरा वेळानं म्हणाल्या, “अहो, इथं ऑब्ज. म्हणजे ऑब्सोलीट. वापरातून गेलेले शब्द. गोऱ्या साहेबाचे आजे-पणजेसुद्धा असं लिहीत नसतील.”

भैरू खिडकीबाहेर बघत खांदे हलवत होता. मीही हसलो. किसनभाऊ हसले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, “सगळेच गेलेले?”

“रेघ मारलेले सगळे.”

तीन वर्षं, रोज पाच शब्द. त्यांनी कोश मिटला, पिशवीत घातला आणि लाइनवर गेले. रजिस्टरमध्ये त्या दिवशी फक्त आकडे होते. ते मॅडमना बोचलं असावं. दुसऱ्या दिवशी त्या लाइनवर आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “उद्यापासून रजिस्टर मराठीत. ऑडिटरसाठी इंग्रजी मी लिहीन. आणि किसनभाऊ, या कारखान्यात रोज मनापासून लिहिणारे तुम्ही एकटेच. प्रत्येक शिफ्टची नोंद तुम्ही वाचून मला सांगायची.”

किसनभाऊंनी मान डोलावली. घरी जयमालाला सांगितलं, तर ती म्हणाली, “मला तर ते होल्पच आवडायचं.” तेव्हा कुठं ते हसले.

मराठीचा हुकूम निघाला आणि भैरूला कंठ फुटला. अकरा वर्षं ‘मशीन ओके’ लिहिणाऱ्या माणसानं पहिल्याच दिवशी सव्वादोन पानं लिहिली: ऑइल गळतंय, पाण्याचा कूलर कोमट हाय, स्टोअरवाला पाना देत न्हाई, मागल्या दिवाळीला मिठाईचा बॉक्स लहान व्हता. शिफ्ट सुटली तरी किसनभाऊ चष्मा लावून ओळ न ओळ वाचत उभे होते, आणि बाहेर घरी नेणारी कंपनीची बस हॉर्न देत होती.