बिस्किटांचा तो डबा मी उचललाय

(परिचारिका वसतिगृहाचा फळा, सोलापूर, १९७६)

मुलींनो, जेवणाच्या यादीवरच हा कागद डकवलाय, रागावू नका. दुपारपासून मला चैन नाही.

वॉर्डात कुंभारीची एक विड्या वळणारी बाई आहे. लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप. सहा दिवस कॅप्सूल चालू आहेत, पण ताप हटत नाही. तिच्या लघवीतले जंतू काल मी लॅबच्या बशीत वाढवायला ठेवले आणि त्यांवर औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवल्या. औषध लागू पडलं की चकतीभोवती जंतू मरून मोकळं कडं दिसतं. आज बघते तर जंतू चकत्यांना खेटून वाढलेले! कडं एकाच चकतीभोवती, आणि तिच्यावरचं औषध म्हणजे कानाला धोक्याचं इंजेक्शन.

"मागं असं झालं तेव्हा गोळ्या पुऱ्या घेतल्या होत्या का?" मी विचारलं.

"दोन दिसांत बरं वाटलं की. उरल्याल्या जावंला दिल्या. तिलाबी तसंच हुतं. टाकून कशाला द्यायच्या?"

अर्धवट गोळ्यांनी चिवट जंतू तेवढे उरतात, म्हणून मी तिला चांगलंच झापलं.

मग चहाला इथं आले आणि कपाटावरचा आपला बिस्किटांचा डबा दिसला, वर चिकटवलेली चिठ्ठी: 'उरलेली औषधं. गरज असेल तिनं घ्यावीत.' अक्षर माझंच.

मला लघवीची जळजळ झाली होती, ती थांबल्यावर उरलेल्या पाच कॅप्सूल सोमवारी मीच त्यात टाकल्या होत्या. आज दोनच आहेत. कुणी घेतल्या? अजून जळजळ होत असेल तर उद्या सकाळी लघवीचा नमुना घेऊन लॅबमध्ये माझ्याकडे ये. मी रागावणार नाही. रागवायचं ते आज चुकीच्या बाईवर रागावून झालंय.